तीन हप्ते मोडून एक केला: पेठेतल्या एका बँक शाखेचा अनुभव, आकड्यांसकट

आमच्या घरात महिन्याच्या २ तारखेला, ३ तारखेला आणि ५ तारखेला हप्ते जायचे. माझा पगार ७ तारखेला होतो, ह्यांचा १० तारखेला. म्हणजे तिन्ही हप्ते मागच्या महिन्याच्या उरलेल्या पैशातून भरायचे, आणि मागच्या महिन्याचं काही उरलेलंच नसायचं. ही ओढाताण ज्यांनी केली आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी खाली सगळे आकडे देते. फेब्रुवारी २०२६ मध्ये आम्ही तिन्ही कर्जं एका राष्ट्रीयीकृत बँकेकडे वळवली आणि मुदत लांबवली. त्या शाखेबद्दल आणि एकूण प्रकाराबद्दल लिहिते आहे. शाखेचं नाव देत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि मला कोणा एका माणसाला अडचणीत आणायचं नाही. पेठेतली, अरुंद जिन्याची, जुनी शाखा आहे, इतकं पुरे.

आधी आमची परिस्थिती. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, पगार ३४,००० हातात. हे चाकणच्या एका कंपनीत होते, ती लाइन बंद झाली आणि सात महिने घरी बसावं लागलं. आता भोसरीला ३१,००० वर लागले आहेत, पूर्वीपेक्षा पंधरा हजार कमी. धायरीत भाड्याने राहतो, भाडं १४,०००.

पहिलं कर्ज सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं. खासगी बँकेकडून ३ लाख, १५ टक्के, तीन वर्षं, हप्ता १०,४००. दुसरं ह्यांच्या बेकारीतलं. मोबाइल अ‍ॅपवरून २ लाख, २४ टक्के, दोन वर्षं, हप्ता १०,५७४. त्या वेळी चार मिनिटांत पैसे खात्यात आले होते आणि मला देव भेटल्यासारखं वाटलं होतं, हे खरं सांगते. तिसरं, मुलीची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी. ९०,००० कार्डावर भरले आणि बारा महिन्यांचे हप्ते करून घेतले, १८ टक्क्यांनी, ८,२५१ चा एक. तिन्ही मिळून महिन्याला २९,२२५ रुपये.

दोघांचे पगार ६५,०००. त्यातून हप्ते आणि भाडं वजा केलं की २१,७७५ उरायचे. त्यात पाच माणसांचं किराणा, दूध, गॅस, सासूबाईंची औषधं, धाकट्याची शाळा, ह्यांचं पेट्रोल. किराणावाल्या काकांकडे उधारी सुरू झाली. माझ्या मोठ्या बहिणीकडून ३०,००० उसने घेतले. डिसेंबरात आणि जानेवारीत खात्यात पैसे नसल्यामुळे ५ तारखेचा हप्ता परत गेला. परत गेला की एक दंड आपली बँक लावते आणि एक समोरचा. आमच्या बँकेचेच ५०० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ५९० रुपये एका वेळेला.

जानेवारीत मला एका एजंटचा फोन आला. तिन्ही कर्जं बंद करून देतो, एकच हप्ता ८,१५२, सात वर्षं, १४ टक्के. २९,००० चे ८,०००! मी फोन ठेवला आणि लॅबमध्येच डोळ्यात पाणी आलं. संध्याकाळी आमच्या लॅबमधल्या हिशोब बघणाऱ्या काकांना सांगितलं. त्यांनी फक्त एकच विचारलं, "ताई, ८,१५२ गुणिले ८४ किती?" सहा लाख चौऱ्याऐंशी हजार. घ्यायचे होते ४,३५,०००. व्याजच जवळजवळ अडीच लाख. काका म्हणाले, तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी जा, आणि हप्ता विचारू नका, एकूण रुपये विचारा.

म्हणून मी या शाखेत गेले. माझं पगाराचं खातं तिथेच आहे. जेवणाच्या सुट्टीत गेले. पार्किंगचं नाव काढू नका, गाडी लांब लावून चालत गेले. कर्ज विभागात तेव्हा एकच बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. पहिली दहा मिनिटं त्या माझ्याकडे न बघता कागद चाळत होत्या आणि मला वाटलं इथे काही होणार नाही. मग त्यांनी माझे तिन्ही स्टेटमेंट मागितले, एका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने रेघ मारली आणि पुढची वीस मिनिटं जे केलं त्यासाठी मी हा सगळा मजकूर लिहायला बसले आहे.

डाव्या बाजूला त्यांनी लिहिलं, काहीच न करता आहे तसंच चालू ठेवलं तर अजून किती भरायचे. पहिल्याचे २२ हप्ते, दुसऱ्याचे १६, कार्डाचे ९. सगळे मिळून ४,७२,२४३ रुपये. आणि आजच्या तारखेला मुद्दल शिल्लक ४,११,५०७. म्हणजे व्याज राहिलं होतं साधारण ६१ हजार.

उजव्या बाजूला, नवीन कर्ज घेतलं तर. पण मुद्दल ४,११,५०७ असलं तरी तेवढ्यात भागत नाही. जुनी कर्जं मुदतीआधी बंद करायचा आकार असतो. आमच्याकडे पहिल्यावर ३ टक्के, अ‍ॅपवाल्याचा ४ टक्के, कार्डावर ३ टक्के, आणि प्रत्येकावर १८ टक्के जीएसटी. तिन्ही मिळून १६,२६२ रुपये. त्यावर नव्या बँकेची प्रोसेसिंग फी १ टक्का अधिक जीएसटी, ५,१३३. ती कर्जातूनच कापून घेतात. म्हणून कर्ज ४,३५,००० चं घ्यावं लागलं. हातात काही नवीन न येता कर्ज तेवीस हजारांनी वाढलं. हे मला एजंटने सांगितलं नव्हतं. बाईंनी विचारायच्या आधी सांगितलं.

मग दर. १२.५ टक्के. २४, १८ आणि १५ च्या जागी साडेबारा. मी म्हटलं, मग तर खूपच स्वस्त पडेल. त्या म्हणाल्या, "थांबा, मुदत लिहू द्या." तीन वर्षं: हप्ता १४,५५२, व्याज ८८,८८३. चार वर्षं: हप्ता ११,५६२, व्याज १,१९,९९०. पाच वर्षं: हप्ता ९,७८७, व्याज १,५२,१९६.

दर इतका खाली आला तरी व्याज ६१ हजारांवरून सव्वा लाखाकडे. मी तो कागद दोनदा वाचला. कारण साधं आहे, पण आपल्याला कोणी दाखवत नाही. आमची जुनी कर्जं नऊ, सोळा आणि बावीस महिन्यांत संपणार होती. मुदत कमी उरलेली असली की दर जास्त असूनही व्याज लागायला वेळच कमी मिळतो. चार वर्षं पैसे वापरायचे म्हटल्यावर साडेबाराच्या दरानेही रक्कम फुगते. कर्ज स्वस्त झालं म्हणून आपण मुदत लांबवत नाही. दर महिन्याला श्वास घ्यायला जागा हवी म्हणून लांबवतो, आणि त्या जागेचे पैसे मोजतो. आमच्या बाबतीत जुनी कर्जं तशीच फेडण्यापेक्षा चार वर्षांच्या कर्जात ८२,७४७ रुपये जास्त जातात. हे माहीत असून घेतलं. मला ते चुकीचं वाटत नाही. दर महिन्याला हप्ता परत जाणं, दंड, सिबिल (कर्जफेडीची नोंद) बिघडणं आणि पुन्हा कार्डावर किराणा, याची किंमत कोणी लिहून देत नाही, पण ती आम्ही मोजतच होतो.

तीन, चार की पाच, यावर घरी दोन दिवस बोलणं झालं. ह्यांचं म्हणणं पाच वर्षं घेऊ, हप्ता दहा हजारांच्या आत. मी म्हटलं, आपला सगळ्यात वाईट महिना धरून बघू. ओव्हरटाइम नसेल तेव्हा ह्यांचा पगार २४,००० पर्यंत खाली येतो. घरात ५८,०००. त्यातून भाडं आणि ११,५६२ गेले तरी ३२ हजारांवर उरतात. चालतं. १४,५५२ लाही कसंबसं चाललं असतं, पण मुलीच्या फीच्या महिन्यात पुन्हा कार्ड बाहेर काढावं लागलं असतं.

इथे बाईंनी एक प्रश्न विचारायला शिकवला, तो प्रत्येकाने विचारावा. दर स्थिर आहे की बदलता? आमची जुनी कर्जं स्थिर दराची होती, म्हणून बंद करताना दंड बसला. या बँकेचं कर्ज बदलत्या दराचं, रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याच्याशी, जोडलेलं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी वैयक्तिक कर्जं अशा बाहेरच्या दराशी जोडावीच लागतात. रेपो डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला होता. तो वाढला तर आमचा दरही वाढेल, हा धोका आहे आणि तो त्यांनी स्पष्ट सांगितला. पण मोठा फायदा असा की १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, बदलत्या दराच्या, धंद्यासाठी नसलेल्या व्यक्तींच्या कर्जावर मुदतीआधी फेडण्याचा आकार लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून बाईंचा सल्ला होता: मुदत चार वर्षांची घ्या म्हणजे बांधील हप्ता लहान राहील, आणि चांगल्या महिन्यात तीन वर्षांच्या हप्त्याइतके भरा. स्थिर दराचं कर्ज असतं तर हा सल्ला उपयोगाचा नव्हता, जास्त भरायला गेलं की तिथेही आकार लागू शकला असता.

आता तक्रारी.

पहिली, विमा. कागद तयार झाल्यावर दुसऱ्या टेबलावरचे एक तरुण साहेब आले आणि कर्जाचा विमा ९,८०० रुपये, कर्जातच घालू, सक्तीचा आहे म्हणाले. मला आधीच्या कर्जाच्या वेळी हेच झालं होतं आणि मी सही केली होती. या वेळी मी मुख्य तथ्यांचं पत्रक मागितलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ, म्हणजे व्यक्तींना दिलेल्या, मुदत कर्जाला हे पत्रक द्यावंच लागतं, सगळे आकार त्यात असावे लागतात, आणि त्यात नसलेला आकार आपल्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. पत्रकात विमा कुठेही नव्हता. मी विचारलं, सक्तीचा असेल तर इथे का नाही? साहेब म्हणाले, मग राहू द्या. एवढंच. ह्यांचा मुदत विमा आधीपासून आहे, म्हणून आम्हाला गरज नव्हती. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी विमा जरूर घ्यावा, पण स्वतः ठरवून, आणि कर्जात घालून नव्हे. कर्जात घातला की विम्याच्या पैशांवरही चार वर्षं व्याज जातं.

पत्रक आधी इंग्रजीत दिलं होतं. कर्जदाराला कळेल त्या भाषेत द्यायचं असतं. मागितल्यावर दुसऱ्या दिवशी मराठीत मिळालं. न मागता मिळायला हवं होतं, सासूबाईंच्या वयाच्या कोणी तिथे बसल्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं? पत्रकात वार्षिक टक्केवारी दर म्हणून एक ओळ असते, आमच्यात ती १३.१४ होती. प्रोसेसिंग फी धरून खरा दर तो. दोन बँकांची तुलना करायची तर ही ओळ शेजारी शेजारी ठेवा, जाहिरातीतला दर नको.

दुसरी तक्रार वेळेची. पहिल्या भेटीपासून पैसे जुन्या कर्जांना पोचेपर्यंत २३ दिवस गेले. यात सगळा दोष शाखेचा नाही. नवीन बँक पैसे आपल्या हातात देत नाही, थेट जुन्या कर्ज खात्यांवर भरते, आणि त्यासाठी जुन्या तिघांकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र लागतं. खासगी बँकेने ते दोन दिवसांत दिलं. अ‍ॅपवाल्यांनी चार दिवस लावले, आणि त्या पत्राची मुदत पाच दिवसांची. इकडे शाखेत मंजुरीची सही राहिली, मध्ये दुसरा शनिवार आणि रविवार आला, पत्राची मुदत संपली. नवीन पत्र, नवीन रक्कम. त्या कर्जावर दिवसाला ९४ रुपये व्याज चढत होतं. मी रोज फोन करत होते. शाखेचा फोन तिसऱ्या-चौथ्या वेळेला उचलला जातो, त्यापेक्षा जिना चढून जाणं बरं.

तिसरी सगळ्यात जास्त लागली. दुसरं कर्ज २७ फेब्रुवारीला बंद झालं. ५ मार्चला त्याच कर्जाचे १०,५७४ पुन्हा खात्यातून गेले! कर्ज बंद झालं म्हणजे खात्यावरची आपोआप कापणी बंद होते असं मी धरून चालले होते. होत नाही. ती परवानगी वेगळी रद्द करावी लागते, आपल्या बँकेतूनही करता येते, आणि हे शाखेतल्या कोणीच सांगितलं नव्हतं. ज्या बाईंनी एवढं समजावून सांगितलं त्यांच्याकडूनही हे राहिलं. मी अ‍ॅपवाल्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं आणि ३० दिवसांत पैसे न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन असं लिहिलं. २४ तारखेला पैसे परत आले, १९ दिवसांनी. त्या १९ दिवसांत घर मी कसं चालवलं ते माझ्या बहिणीला माहीत आहे.

तर कृपया, कर्ज बंद करायचा दिवस हप्त्याच्या तारखेपासून लांब धरा आणि बंद झाल्याच्या दिवशीच कापणी रद्द करायला सांगा.

हप्त्याची तारीख मात्र शाखेने ऐकली. त्यांच्याकडे ५ किंवा १० असे दोनच पर्याय होते. १० घेतली. दोन्ही पगार जमा झाल्यावर हप्ता जातो. दर साडेबारा मिळाला यापेक्षा ही तारीख बदलली याचं मला जास्त सुख आहे.

आता चार हप्ते गेले. महिन्याला १७,६६३ मोकळे होतात. पहिले दोन महिने त्यातले पाच-पाच हजार किराणावाल्या काकांच्या वहीत गेले आणि ती पाटी कोरी झाली. तिसऱ्या महिन्यापासून तेच ५,००० कर्जात जास्तीचे भरते. ६,००० मुलीच्या फीसाठी आवर्ती ठेवीत, त्यात २४,००० झाले आहेत. राहिलेल्यातून बहिणीचे थोडे थोडे परत करते आणि घर चालतं. असंच जमत गेलं तर कर्ज ४८ ऐवजी ३२ महिन्यांत संपेल आणि व्याजाचे साधारण ४० हजार वाचतील. म्हणजे ८२ हजारांची ती किंमत निम्म्यावर येईल. जास्तीचे पैसे भरले की ते मुद्दलातून वजा झाले की पुढच्या हप्त्यासाठी नुसते बाजूला ठेवले, हे स्टेटमेंटवर बघून घ्या. मी दोन्ही वेळा शाखेत जाऊन बघितलं, बाईंनी मुद्दलाची ओळ बोटाने दाखवली.

कार्डाचं काय केलं तेही सांगते, कारण इथेच पुष्कळ घरं पुन्हा अडकतात. मोकळं झालेलं कार्ड म्हणजे १,२०,००० ची उघडी मर्यादा. हे म्हणाले, असू दे, अडीअडचणीला. मी बँकेला अर्ज करून मर्यादा २५,००० करून घेतली. त्यावरून आमचं वाजलं, दोन दिवस अबोला होता. पण दुसऱ्यांदा तीन कर्जं एक करायला आपल्याला कोणी देणार नाही, आणि दिलं तरी मी त्या जिन्याने वर जाणार नाही.

कोणी जावं? ज्यांचे हप्ते पगाराच्या चाळीस टक्क्यांवर गेले आहेत आणि जुन्या कर्जांची मुदत अजून बरीच बाकी आहे, त्यांनी. हप्ता परत जायच्या आधी जा. आमचे दोन परत गेलेले हप्ते सिबिलच्या अहवालात दिसत होते, बाईंनी त्यावर लेखी खुलासा मागितला आणि ह्यांना सहकर्जदार म्हणून घ्यावं लागलं. ज्यांचं एखादं कर्ज सात-आठ महिन्यांत संपणार आहे त्यांनी ते यात घालू नये. मागे वळून बघता कार्डाचे नऊ हप्ते मी तसेच ठेवायला हवे होते असं वाटतं. ६८,९८४ रुपये नऊ महिन्यांत संपले असते, ते आता चार वर्षांवर पसरले. पण त्या जानेवारीत ८,२५१ सुद्धा निघत नव्हते.

शाखेला पाचपैकी साडेतीन. पेन्सिलीच्या कागदासाठी आणि १० तारखेसाठी पूर्ण गुण दिले असते, विम्याने आणि त्या दुहेरी कापणीने गेले. सकाळी साडेदहाला जा, बाराच्या पुढे रांग असते. जाताना तीन महिन्यांची पगारपत्रकं, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि प्रत्येक कर्जाचं ताजं स्टेटमेंट न्या. खासगी बँकेची आणि अ‍ॅपवाल्यांची ना हरकत पत्रं आली, सिबिलवर दोन्ही कर्जं बंद दिसतात. कार्डवाल्यांचं पत्र अजून आलेलं नाही. सोमवारी पुन्हा लेखी मागणार आहे.